अनवाणी रांगेत

जखम भरली, असं मृदुलाने सांगितलं तेव्हा तोंगिया इकितुले यांनी आभार मानायच्या आधी एक प्रश्न विचारला.

"म्हणजे आता मी बुटाशिवाय चालू शकतो?"

मृदुला न्यूझीलंडमधल्या, ऑकलंडजवळच्या पापाकुराच्या एका क्लिनिकमध्ये मधुमेही रुग्णांच्या पायांची नर्स होती. पुण्याहून येऊन तिला बरीच वर्षं झाली होती आणि त्यातली बहुतेक लोकांच्या तळव्यांकडे बघण्यात गेली होती. तोंगियांच्या उजव्या अंगठ्याखालची जखम तिने अख्खा उन्हाळा सांभाळली होती. दर सोमवारी त्यांची नात मोका त्यांना घेऊन यायची. मोका शाळेची बस चालवायची, त्यामुळे मुलांना सोडून झालं की मगच तिला वेळ मिळायचा. सत्त्याऐंशी वर्षांचे तोंगिया पलंगावर पाय पसरून बसायचे आणि मृदुला पट्टी सोडत असताना छताकडे बघत राहायचे. दुखत नसे. तीच तर अडचण होती. साखरेने त्यांच्या पायांतली जाणीव कधीच खाऊन टाकली होती.

"घरातसुद्धा नाही, पापा," ती म्हणाली. मोका त्यांना पापा म्हणायची म्हणून क्लिनिकमध्ये सगळेच म्हणायचे. "मऊ चप्पल तरी हवीच."

"घरात चप्पल घालीन. मी रस्त्याचं विचारतोय. पंचवीस एप्रिलची परेड. गावच्या हॉलपासून स्मारकापर्यंत."

पंचवीस एप्रिलला या देशात गावोगावी युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची परेड निघते. माजी सैनिक चालतात, त्यांच्या मागे सैनिकांची मुलं-नातवंडं पदकं लावून चालतात. क्लिनिकच्या खिडकीतून ते स्मारक दिसायचं. अंतर फार नव्हतं, पण सगळा डांबरी रस्ता.

"चाला की. चांगले बूट घालून चाला. मी स्वतः तुमच्यासाठी रुंद जोड मागवते."

"अनवाणी चालायचंय."

मृदुलाने हातातली कात्री ट्रेमध्ये ठेवली. "नाही," ती म्हणाली. "त्याला माझं उत्तर 'नाही' असंच राहील."

तोंगियांनी मान हलवली. ते चिडले नाहीत. "बरोबर आहे. तू नर्स आहेस. पण मी का विचारतोय तेवढं ऐकून घे."

मग त्यांनी सांगितलं. ते मूळचे नियुएचे, समुद्रातून सरळ वर आलेल्या प्रवाळाच्या एका खडकाळ बेटाचे. तिथला दगड सुरीसारखा. त्यांच्या वडिलांच्या पिढीला बूट ठाऊकच नव्हते. त्या दगडांवर चालून चालून पाय असे रुंद आणि घट्ट झालेले की काटा मोडायचा, पाय नाही. बेटावर सत्ता न्यूझीलंडची होती. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा बेटावरच्या प्रमुखांनी इंग्लंडच्या राजाला निरोप पाठवला की आम्ही लहान आहोत, पण आमची मुलं देतो. दीडशे तरुण गेले. तोंगियांचे वडील पिहिंगिया त्यांत होते, आणि त्यांचा चुलतभाऊ तालिमाही.

"ऑकलंडच्या छावणीत त्यांना बूट दिले," तोंगिया म्हणाले. "त्यांच्या पायांच्या रुंदीचे बूट कुणी केलेच नव्हते. वडील सांगायचे, पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या मोज्यांत रक्त. बहुतेकांना इंग्रजी येत नव्हतं. दुखतंय हे सांगायचं तरी कुणाला? हुकूम सुटला की चालायचं. तालिमा तिथेच न्यूमोनियाने गेला. आमच्याकडे थंडी नसते, त्याच्या छातीला ती कधी ठाऊकच नव्हती. वडील पुढे फ्रान्सपर्यंत गेले. खंदक खणायला. निम्मी तुकडी आजारी पडली तेव्हा सगळ्यांना परत पाठवलं."

"आणि बूट?"

"बेटावर उतरले त्या दिवशी वडिलांनी बूट काढले. पुन्हा कधी घातले नाहीत. चर्चमध्येसुद्धा नाही. दर वर्षी राजाच्या वाढदिवसाला बेटावर परेड असायची. परत आलेल्या शिपायांना रांगेत उभं करायचे. गोरा अधिकारी म्हणाला, पूर्ण गणवेश असेल तोच रांगेत. बूट नसेल त्याने बाजूला उभं राहावं. वडील बाजूला उभे राहिले. मी लहान असताना त्यांच्या शेजारी उभा असायचो. नारळाच्या झाडाखाली, पदकं लावून, दर वर्षी. अधिकारी बदलले, नियम तोच. ते घरी बसू शकले असते. एकदाही बसले नाहीत. पण मरेपर्यंत ते त्या रांगेत चालले नाहीत."

मोका दाराशी उभी होती. तिने हे बहुतेक आधी ऐकलं होतं, तरी ती हलली नाही.

"मी मांसाच्या कारखान्यात तीस वर्षं गमबूट घातले," तोंगिया म्हणाले. "मला बुटांचा राग नाही. पण त्यांच्या जागी चालायचं तर त्यांच्यासारखंच चालायला हवं."

मृदुलाने पुन्हा नाहीच म्हटलं. नोंदीत तिने लिहिलं: अनवाणी न चालण्याचा सल्ला दिला.

संध्याकाळी जवळच्याच टाकानिनीतल्या घरी तिने हे वडिलांना सांगितलं. रावसाहेब एसटीतून निवृत्त झालेले, मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले होते. जावई शंतनू रोज हॅमिल्टनला गाडीने जायचा आणि उशिरा यायचा, त्यामुळे संध्याकाळचा चहा बापलेकीचाच असायचा.

"तू काय म्हणालीस?"

"नाही म्हटलं. त्यांना काच घुसली तरी कळणार नाही, बाबा. मी अशा पायांची बोटं गेलेली बघितलीत. बोट गेलं की पाय जातो, आणि या वयात पाय गेला की माणूसच जातो."

"मग बरोबरच केलंस." रावसाहेबांनी कप खाली ठेवला. "आमच्या शाळेच्या भिंतीत एक अक्षरं कोरलेली फरशी होती. या गावातून इतके लोक मोठ्या लढाईला गेले, इतके आले नाहीत. आकडे होते, नाव एकाचंही नाही. आम्ही रोज त्याच्यासमोर प्रार्थनेला उभे राहायचो. मी कधी कुणाला विचारलं नाही, कोण होते म्हणून."

"आता काय करणार?"

"काही नाही. विचारायला हवं होतं एवढंच."

त्यानंतरच्या आठवड्यात मोकाचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती. "तुम्हाला सांगू नको म्हणालेत. पण ते रोज मागच्या अंगणात अनवाणी चालतायत. प्रॅक्टिस करतायत."

काम सुटल्यावर मृदुला थेट त्यांच्या घरी गेली. तोंगिया मागच्या बाजूला होते. एक हात कपडे वाळत घालायच्या खांबाला, दुसऱ्या हातात काठी, आणि सिमेंटच्या पट्टीवरून ते सावकाश पलीकडे जात होते. त्यांच्या मागे पट्टीवर, एक पाऊल सोडून एक, गडद डाग उमटत होते. त्यांना ते दिसत नव्हते, कारण ते समोर बघत होते.

"पापा, थांबा. आहात तिथेच थांबा."

तिने खुर्ची ओढली, त्यांना बसवलं आणि उजवा पाय मांडीवर घेतला. टाचेजवळ बाटलीच्या पत्र्याच्या बुचाची कड रुतली होती. जुनी जखम होती तिथली नाही, नवीन.

"हे केव्हा लागलं?"

तोंगियांनी वाकून पाहिलं. रक्त बघून त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य आलं. "माहीत नाही."

"तुम्हाला कळलंच नाही. मी हेच सांगत होते." तिचा आवाज चढला होता. तिने गाडीतून पेटी आणली, बूच काढलं, जखम धुतली. पट्टी बांधून झाल्यावर तोंगिया म्हणाले, "माझ्या बापाला सगळं जाणवत होतं, मृदुला. प्रत्येक पावलाला. मला काहीच जाणवत नाही. त्यांनी सोसलं त्यातून मी फुकट सुटलोय, असं मला वाटायला लागतं."

मृदुला अंगणातल्या पायरीवर बसली. मोकाने आतून पाणी आणलं. शेजारच्या घरात कुणीतरी गवत कापायचं मशीन चालवत होतं.

"मी नाही म्हटलं तर?" मृदुलाने विचारलं.

"तरी जाईन."

"एकटे?"

"मोका येईल. ती नाही आली तर एकटा."

"मी येणार आहे," मोका म्हणाली. "पण मला त्यांचा पाय घालवायचा नाहीये."

मृदुलाच्या लक्षात आलं की आपण 'नाही' म्हटल्याने हे थांबणार नाही. नुसतं आपल्या नजरेआड घडेल. अंगणातल्यासारखं, लपून. तिला ते नको होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग माझ्या अटींवर. आजपासून तुम्ही तो मोठा बूट घालायचा. गुडघ्यापर्यंतचा, तळव्यावर भार येऊ न देणारा. दिवसभर. फक्त अंघोळीला आणि झोपताना काढायचा. एक पाऊलही त्याच्याशिवाय नाही. साखर रोज मोजायची आणि मोकाने मला कळवायची. परेडच्या दोन दिवस आधी मी जखम बघेन. ती बंद नसेल तर तुम्ही जाणार नाही, आणि मला पुन्हा विचारणार नाही. कबूल?"

"आणि बंद असेल तर?"

"तर चाला. मी बरोबर असेन."

तोंगियांनी हात पुढे केला आणि तिने तो हातात घेतला.

पुढचे दिवस तो माणूस त्या बुटात राहिला. जाड, राखाडी, प्लास्टिकचा, पट्ट्यांनी आवळलेला. रविवारी चर्चमध्ये लोक विचारायचे, पायाला काय झालं, तर ते म्हणायचे, "सराव चाललाय." रताळी आणि तारोचे, म्हणजे अळूचे, कंद त्यांना फार आवडायचे, ते त्यांनी ताटातून अर्धे बाजूला काढायला सुरुवात केली. मोका रोज संध्याकाळी आकडा पाठवायची आणि तो खाली येत होता. मृदुलाने क्लिनिकच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मी हे मान्य करू शकत नाही." ती म्हणाली, "मीही मान्य करत नाहीये. पण ते जाणारच आहेत आणि मला जखम भरून हवी आहे." डॉक्टरांनी औषध वाढवून दिलं.

तेवीस तारखेला तिने पट्टी सोडली आणि दिव्याखाली बराच वेळ बघितलं. जखम बंद झाली होती. वरची कातडी गुलाबी आणि कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ.

"बंद आहे," ती म्हणाली. "जेमतेम."

तोंगियांनी डोळे मिटले आणि ते नियुएच्या भाषेत काहीतरी पुटपुटले. मोकाने ते मृदुलाला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

पंचवीस तारखेला सकाळी रस्ता अजून मोकळा होता तेव्हा मृदुला आणि रावसाहेब झाडू घेऊन हॉलपाशी पोचले. इथे एप्रिलमध्ये थंडी सुरू होते, म्हणून रावसाहेबांनी कानटोपी घातली होती आणि जॅकेटवर जॅकेट चढवलं होतं. घरचा एक खराटा आणि शेजाऱ्यांचा एक रुंद झाडू. त्यांनी हॉलपासून सुरुवात केली. डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या समोर काचेचे तुकडे होते, सिगारेटची थोटकं, एक तुटलेलं प्लास्टिकचं खेळणं. मृदुला काचा हाताने उचलून डब्यात टाकत होती. रावसाहेब कडेकडेने झाडत पुढे जात होते.

रस्त्यावर वाहतूक अडवायचे प्लास्टिकचे कोन मांडणारा एक तरुण कामगार थांबून म्हणाला, "कौन्सिलचा ट्रक झाडून गेलाय, सर."

"गेला असेल," रावसाहेब मराठीत म्हणाले आणि झाडत राहिले. मग त्यांनी मुलीला हाक मारली. "इकडे बघ, जाळीपाशी. खिळा आहे." तिने खिळा उचलला. थंडीने दोघांची बोटं लाल झाली होती.

स्मारकापाशी पोचल्यावर ते वळले आणि पुन्हा सगळा रस्ता उलट झाडत परत आले.

परेडच्या वेळी हॉलसमोर गर्दी होती. तोंगिया काळ्या सुटात आले. वारसांनी पदकं उजव्या बाजूला लावायची असतात, तशी त्यांनी वडिलांची दोन पदकं लावली होती. तिथे एका खुर्चीत बसून त्यांनी बुटाच्या पट्ट्या स्वतः सोडल्या. मृदुलाने दोन्ही तळवे पुसले, बघितले आणि मान हलवली. मोकाने आपलेही बूट काढून पिशवीत टाकले. "तू कशाला?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला सावरताना मी घसरायला नको," ती म्हणाली.

परेडचा संयोजक, एक निवृत्त सार्जंट, जवळ आला. त्याने पाय बघितले, मग पदकं बघितली. "कोणती तुकडी?"

"नियुएची. माझे वडील."

सार्जंटने काठीकडे बघितलं. "सर, तुम्हाला गाडीतून नेऊ का? बाकीच्यांबरोबर वेग ठेवणं जड जाईल."

"मला रांगेत चालायचंय."

"रांगेला ठरलेल्या वेळी पोचावं लागतं. मी थांबवू शकत नाही." त्याने मागे वळून रांगेकडे बघितलं. "पण शेवट कुठे आहे ते मी ठरवतो. तुम्ही जिथे असाल तिथे शेवट."

ढोल सुरू झाला. तोंगियांनी पहिलं पाऊल टाकलं. उजवीकडे काठी, डावीकडे मोका, आणि एक पाऊल मागे, बाजूला, खांद्याला पेटी लावलेली मृदुला. एप्रिलचं थंडगार डांबर. ते पावलं मोजून टाकत होते. पाय खाली ठेवताना आधी नजर टाकायची, मग टाच, मग चवडा. जे जाणवत नव्हतं ते ते डोळ्यांनी करत होते. रांग हळूहळू पुढे गेली, आधी मुलांची फळी, मग वारसांची. काही वेळाने त्यांच्या पुढे मोकळा रस्ता होता आणि कडेला उभे असलेले लोक तरीही निघून गेले नाहीत.

चौकाजवळ मृदुलाने त्यांना थांबवलं. ती रस्त्यावर गुडघे टेकून बसली, एकेक तळवा उचलून कापसाने पुसला, बॅटरीच्या उजेडात बघितला. अंगठ्याखाली कातडी जांभळट दिसत होती, फाटली नव्हती.

"पापा, इथे थांबलात तरी पुष्कळ झालं."

ते स्मारकाकडे बघत होते. "फाटलंय का?"

"नाही."

"मग चालू या."

तिने त्यांचा पाय हलकेच जमिनीवर ठेवला.

ते पोचले तेव्हा फुलांची चक्रं वाहायला सुरुवात झाली होती. मागच्या रांगेतल्या लोकांनी न सांगता जागा करून दिली. पुढच्या रांगेत नियुएच्या चर्चमधल्या बायका फुलांच्या माळा घालून उभ्या होत्या. त्यांनी वळून बघितलं आणि त्याही बाजूला झाल्या. तोंगिया दोन रांगा ओलांडून पुढे गेले आणि पहिल्या फळीत, एका नौदलाच्या माणसाशेजारी, सरळ उभे राहिले. काठी त्यांनी मोकाच्या हातात दिली.

बिगुल वाजला. शांतता झाली. त्या शांततेत तोंगियांनी स्पष्ट आवाजात वडिलांचं नाव घेतलं: पिहिंगिया. मग तालिमाचं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि कार्यक्रमात ते नव्हतंही. नौदलाचा माणूस जागचा हलला नाही. रावसाहेब रस्त्याच्या पलीकडे झाडू हातात घेऊन उभे होते, त्यांनी कानटोपी काढली.

कार्यक्रम संपेपर्यंत तोंगिया उभे होते. मग ते म्हणाले, "आता बसव मला," आणि मृदुलाने त्यांना बाकावर बसवून तळवे धुतले, मोजे घातले, राखाडी बुटाच्या पट्ट्या आवळल्या. मोका बाकाच्या टोकाला बसून रडत होती. ते तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

दोन दिवसांनी अंगठ्याखालचा जांभळा डाग फुटला. ती जखम भरायला जुलै उजाडला. बोट वाचलं, पण मध्ये एक आठवडा असा गेला की मृदुलाला खात्री नव्हती. क्लिनिकच्या मॅनेजरने तिला बोलावून घेतलं. तिने काही लपवलं नाही.

"तू रस्ता झाडलास?"

"हो. वडील होते मदतीला."

"ते तुझं काम नव्हतं."

"नव्हतं."

"पुन्हा असं झालं तर?"

मृदुलाने खरंच विचार केला. "आधी नाही म्हणेन," ती म्हणाली. "ऐकलं नाही तर अटी घालेन." मॅनेजरने ताकीद लिहून फाइलला लावली आणि मृदुलाने त्यावर सही केली. त्या रात्री तिला झोप लागली.

शेवटच्या ड्रेसिंगच्या दिवशी बाहेर पाऊस होता आणि मोका बसमुळे उशिरा येणार होती. तोंगिया नव्या रुंद बुटांत पाय सरकवत होते. मागवलेले आले होते ते.

"कुठे आवळतात का?" मृदुलाने विचारलं, आणि मग तिची तिलाच चूक कळली. "म्हणजे, लाल कुठे दिसतंय का ते बघा घरी."

"बघेन." त्यांनी एक नाडी बांधली. "पुढच्या वर्षी मोका चालणार आहे. मी गाडीतून जाणार."

"बूट घालून की अनवाणी?"

"ते तिने ठरवायचं," तोंगिया म्हणाले आणि दुसरी नाडी बांधायला वाकले.